पोलिओच्या इतवारी दादाचा माईक

दादा,

तू गेलास त्या सकाळी गावाला कळवायचं होतं आणि तुझाच माईक चालू होईना.

मारुतीच्या पारावरचा भोंगा तूच बसवलेला. खालचं मशीनही तुझ्याच दुकानातलं. सरपंचांनी बटणं दाबली, तारा हलवल्या, कुणी फुंकर मारली. लाल दिवा लागायचा, पण आवाज काही फुटेना. शेतात गेलेल्या माणसांना निरोप जायला हवा म्हणून सगळे हैराण. शेवटी सुमनवहिनी उठल्या. पदर सावरला, रडत रडत पारापर्यंत गेल्या आणि मशीनच्या डाव्या अंगाला एक सणसणीत चापट मारली. भोंगा खर्रर्र करून जागा झाला. वहिनी वैतागून म्हणाल्या, "मेलं हे बी त्यांच्यावानीच. चापट खाल्ल्याबिगर काम करंना."

माईक सरपंचांच्या हातात होता, आणि चालू होता. वहिनींचं बोलणं वेशीपासून तळ्यापर्यंत साऱ्या गावानं ऐकलं. आधी पारावरचं एक म्हातारं खुदकन हसलं, मग सरपंच, मग आपल्या दारात बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून. तुझ्या उशाशी बसलेली मीही हसले. आईनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता रागावेल. ती म्हणाली, "हसा गं. त्याला दुसरं काय आवडत व्हतं?"

तेव्हापासून हे तुला सांगायचं राहिलंय. तुझ्या घरून निघालेली सगळ्यात चांगली घोषणा तुझी नव्हती, वहिनींची होती.

आता भेटायला येणारी माणसं तुझ्याविषयी फार चांगलं बोलतात. 'पायानं अधू असूनसुद्धा' अशी सुरुवात करतात. 'अपंगत्वावर मात केली' म्हणतात. मी मान हलवते आणि मनात तुझा आवाज ऐकते. कुणी तोंडावर असं म्हटलं की तू म्हणायचास, "मात कशाची? मी अन् पोलिओ, एका खोलीतले दोन भाडेकरू हाव. त्याचं त्याला, माझं मला."

मी तुझ्याहून लहान. मला कळू लागलं तेव्हा तुझ्या उजव्या पायाला लोखंडाच्या पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि खाली तो जाडजूड बूट होता. लातूरच्या कुठल्याशा शिबिरात मिळालेला. तू चालायचास तेव्हा ओसरीवर टक्‌ टक्‌ वाजायचं. मला बरीच वर्षं वाटायचं, सगळ्यांच्याच दादांचा एक पाय लोखंडाचा असतो. शाळेत गेल्यावर दुसऱ्यांचे दादा पाहिले आणि मला ते जरा साधेच वाटले.

कबड्डीत तुला घेत नसत. तू पत्र्याचं नरसाळं तोंडाला लावून मैदानाच्या कडेला बसायचास. "दत्तूनं चड्डी सावरलीय, म्हणजे आता दत्तू पळणार! पळाला! चड्डी मागंच राहिली, दत्तू पुढं गेला!" लोक खेळ बघायला येत की तुला ऐकायला, हे त्या दत्तूलाही कधी कळलं नाही. पुढे अहमदपूरच्या स्टँडजवळ तू माईक-मंडपाचं दुकान टाकलंस तेव्हा गावात कुणाला नवल वाटलं नाही. नरसाळ्याला वीज मिळाली, एवढंच.

मला नर्सिंगला पाठवायचं का, यावर घरात खल चालला होता. वडील नव्हते. चुलते म्हणत, पोरीला एवढं लांब कशाला. तू पायाचे पट्टे सोडत बसला होतास. मान वर न करता म्हणालास, "जाऊ द्या तिला. घरात एक पेशंट हायच, सरावाला." चुलते हसले, आणि हसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे तुला तेव्हापासून माहीत होतं.

नोकरी लागली ती किनवटला. जंगलातलं उपकेंद्र, पाच-सहा वस्त्या, मधे ओढे. पहिला पोलिओचा इतवार आला. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं, निळा डबा ठेवला, त्यात बर्फ आणि बाटल्या. वर पिवळा फलक. आदल्या दिवशी दारोदार फिरून सांगितलं होतं. पण कापूस वेचणीचे दिवस. माणसं पहाटेच रानात गेली, लेकरंही बरोबर. दुपारपर्यंत मी मोकळ्या व्हरांड्याकडे बघत बसले. नंतर उन्हातान्हात एकेका वावरात जाऊन लेकरं शोधली. संध्याकाळी स्टेशनजवळच्या फोनवरून तुला फोन केला आणि रडले.

"आगं, पण तू सांगितलंस का त्यांना?"

"हाव. दारोदार."

"सांगणं येगळं अन् बोलावणं येगळं. लग्नाला कसं बोलावत्यात? वाजवून."

पुढच्या फेरीला तू आलास. अहमदपूरहून एसटीनं नांदेड, तिथून आदिलाबादकडे जाणारी गाडी. पोत्यात मशीन, मांडीवर भोंगा. तिकीट तपासनिसानं विचारलं, हे काय. तू म्हणालास, "पोलिओचा भोंगा हाय साहेब, सरकारी कामाला चाललाय," आणि वर त्यालाच विचारलंस, "तुमच्या घरी पाच वर्षांच्या आतलं कोण हाय?" त्याची नात निघाली. किनवट येईपर्यंत तू त्याच्याकडून वचन घेतलं होतंस, की इतवारी तिला बूथवर पाठवीन.

त्या आठवड्यात तुझा आवाज किनवटच्या गल्ल्यांतून आणि वस्त्यांतून फिरला. रिक्षात पुढे तू, मागे भोंगा. "ऐका हो ऐका! गूळ लपवा, लोणचं लपवा, सासूपासून जिलेबी लपवा, पण पाच वर्षांच्या आतलं लेकरू लपवू नका! इतवारी शाळेत दोन थेंब!" तेलुगू बोलणाऱ्या वस्तीत तू 'रेंडु चुक्कलु', म्हणजे 'दोन थेंब', म्हणायला शिकलास. ते इतकं वेडंवाकडं म्हणायचास की बाया घराबाहेर येऊन तुला दुरुस्त करायच्या. त्या बाहेर आल्या की लेकरंही बाहेर. मी एकदा म्हटलं, नीट शिकून घे की. तू डोळा मिचकावलास. तुला ते पहिल्याच दिवशी नीट येत होतं.

त्या इतवारी शाळेच्या पायरीपर्यंत रांग लागली. मी थेंब देता देता, करंगळ्यांना शाई लावता लावता थकले, आणि असं थकणं मला फार आवडलं.

आपलं भांडण सुरू झालं तेही त्याच दिवशी.

दवाखान्याचे मोठे साहेब पाहणीला आले होते. भला माणूस. गर्दी पाहून खूश झाले, तुला पाहून अधिकच. म्हणाले, "भाऊ, तुम्ही टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसा. पँट जरा वर घ्या. आयांना दिसू द्या, डोस चुकला की काय होतं ते."

तू हात जोडलेस. "साहेब, मी भोंगा घेऊन आलोय. पाय न्हाई."

साहेबांनी विषय सोडला. मी सोडला नाही. संध्याकाळी स्टेशनवर भजी खाताना तुला धरलं. "काय बिघडलं असतं? दोन लेकरं जास्त आली असती."

"आली असती."

"मग?"

"शोभे, मला बघून घाबरलेली माय डोस पाजती, हे खरं. पण घरी गेल्यावर शेजारच्या लंगड्या पोराला आपल्या पोरात खेळू देत न्हाई. ते कोण मोजणार?"

"पण दादा, तुझा मान मोठा का त्यांचे पाय?"

तू भजी चावत राहिलास. गाडी आली तेव्हा म्हणालास, "पुढच्या इतवारी बोलू." पुढच्या इतवारी बोललो. त्याच्या पुढच्याही. ते भांडण दर फेरीला भज्यांबरोबर निघायचं, आणि भजी संपली की कागदात गुंडाळून ठेवायचं. माझं म्हणणं मला अजून बरोबर वाटतं. तुझंही.

वर्षं गेली. डोंगर-नाले ओलांडून थेंब पाजणाऱ्या आमच्यासारख्या कितीजणी देशभर होत्या कोण जाणे. एके दिवशी तुझा फोन आला. तू पेपर वाचून दाखवत होतास, पण अर्ध्यावरच पेपर बाजूला ठेवलास. "शोभे, देशात आता पोलिओ न्हाई म्हणं. आपला भाडेकरू निघाला! माझ्याकडचा तेवढा राहिलाय, त्याचा करार पक्का हाय."

त्या दुपारी तू दुकानासमोर सगळे भोंगे लावून गाणी वाजवलीस. एक हवालदार विचारायला आला, लग्न कुणाचं आहे. तू त्याला पेढा दिलास. "लग्न न्हाई साहेब, पाठवणी हाय. पोलिओची." त्यानं पेढा खाल्ला आणि आवाज थोडा कमी करा म्हणून सांगून गेला. हे मला वहिनींनी सांगितलं. आवाज कमी केला नव्हतास, हेही त्यांनीच.

मला वाटलं, आता काम सोपं झालं. उलटंच झालं. पूर्वी प्रत्येक गावात एखादा तरी असायचा, घसटत चालणारा, कुबडीवरचा, आणि आया त्याला ओळखायच्या. आता लेकरं घेऊन येणाऱ्या आयांनी पोलिओ पाहिलेलाच नाही. त्या विचारतात, "गेला म्हणता, मग दरवर्षी कशाला येता?" मी सांगते, बाहेरच्या एखाद-दुसऱ्या देशात तो अजून आहे, माणसाबरोबर फिरतो, एक लेकरू सुटलं तरी परत घुसू शकतो. त्या ऐकतात, मान हलवतात आणि कामाला लागतात. भीती गेली की डोसही विसरतो. उसाच्या तोडीला गेलेली कुटुंबं, वीटभट्टीवरची लेकरं, एसटीत आईच्या मांडीवर झोपलेली लेकरं, ही सगळी आम्ही शोधत फिरतो. तू म्हणायचास, "दुश्मन समोर असतो तवा सगळेच शिपाई. गेल्यावर पहारा करतो तो खरा."

आणि मग तो तांडा.

ओढ्यापलीकडचा तो तांडा त्या वर्षी नव्यानं माझ्याकडे आला होता. बूथवर तिथलं एकही लेकरू आलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आपणच गेलो. पाणी घोट्याएवढं होतं, तुझा बूट भिजला, तू शिव्या दिल्यास. तांड्यात रामधन नावाच्या माणसाचा शब्द चालायचा. तिशीतला, शांत. त्यानं खाट टाकली, चहा सांगितला.

"बसा. चहा घ्या. डोस मात्र न्हाई."

"कामून?" मी विचारलं.

"मागच्या पावसाळ्यात माझी बायको अडली, सिस्टर. ओढ्याला पूर. गाडी त्या काठाला येऊन थांबली. चौघांनी खाटेवर घालून गळ्याएवढ्या पाण्यातून नेली तिला. देवाची कृपा, दोघं बी वाचली. आता त्याच पोराला दोन थेंब पाजायला तुम्ही ओढा वलांडून आलात. पुलाचं बोलायला कोणी न्हाई आलं. आमच्या लेकरांचे पाय पाहिजेत तुम्हाला, रस्ता नको."

तो बोलला ते खरं होतं. मी पोलिओविषयी सांगू लागले, तर तो हसला. "गेला न्हवं? तुमच्याच भोंग्यावर ऐकलं की." मग त्यानं तुझ्याकडे बोट केलं. तोवर लेकरं तुझ्याभोवती जमली होती, तुझ्या पट्ट्यांवर काठीनं ठोकून वाजवत होती, आणि तू त्या तालावर गात होतास. "अन् राहिला असला तरी काय? हे भाऊ बघा. सगळ्या तांड्यात येवढं हसणारं माणूस न्हाई. पोलिओनं असं व्हत असंल तर व्हऊ द्या की!"

सगळे हसले. तूही हसलास, आणि अर्ध्यात थांबलास.

तू खाली वाकलास. एकेक पट्टा सोडलास. बूट काढलास. पँटमधून तुझा तो बारका पाय बाहेर आला, मनगटाएवढी पोटरी. मी कितीदा पाहिलेला, तरी तोंड फिरवलं, कारण चारचौघांत तू तो कधीच उघडा केला नव्हतास. पट्ट्या तू रामधनपुढे ठेवल्यास.

"बांधा."

"मी?"

"हाव. बांधा, अन् हापशावरून घागर आणा."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं, मग बांधल्या. तू सांगत गेलास, हा वर, हा खाली, गुडघ्याची कडी लावा. तो उठला. चांगला उंच, ताकदीचा माणूस. दोन पावलं टाकली आणि पाय बाहेरून फिरवून न्यावा लागतो हे त्याला कळलं. लेकरं खिदळली, तोही हसला. हापसा उतारावर होता. उतारावर तो अडला. एका हातानं मांडी धरली, घागर हिंदकळली. घागर भरलीच नाही त्यानं. रिकामीच घेऊन परत आला, खाटेवर बसला आणि घाम पुसला.

"जड हाय," तो म्हणाला.

"हाय."

"दिसभर?"

"लहानपणापासून." तू त्याच्याजवळ सरकलास. आवाज एकदम खाली आला, भोंग्याच्या माणसाचा वाटणार नाही इतका. "मी हसतो ते याच्यामुळं न्हाई, रामधनभाऊ. हसायची सवय मला आईनं लावली. तुमच्या बायकोला एकदा खाटेवर न्यावं लागलं ना? तसं माझ्या आईनं मला रोज नेलं, कडेवर. शाळेत, वैदूकडं, दर्ग्यात, देवाला. तिची कंबर अजून सरळ न्हाई झाली. तुमच्या पोराच्या मायला हे काम लावू नका."

रामधननं गुडघ्यावरची कडी चाचपली. मग म्हणाला, "अन् पुलाचं?"

"पूल माझ्या हातात न्हाई. माझ्या हातात माईक हाय."

तेवढ्यात दारामागून त्याची बायको बाहेर आली. सगळं आतून ऐकत होती. नवऱ्याला काही विचारलं नाही. पोरगं माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "द्या सिस्टर. पूल यील तवा यील." रामधननं तिच्याकडे पाहिलं आणि पट्टे सोडायला घेतले. तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण तू शब्दाचा पक्का.

बाजाराच्या दिवशी मी भाजी घेत होते आणि तुझा आवाज आला. "ऐका हो ऐका! ओढ्यापलीकडच्या तांड्यातल्या सगळ्या लेकरांनी डोस घेतला! टाळ्या वाजवा! आता त्या ओढ्याला बी एक डोस पाहिजे, सिमेंटचा! दोन थेंबांनी भागायचं न्हाई, दोन ट्रक लागतील!" पिवळा फलक लावलेली पोलिओची रिक्षा, त्यात तू, आणि बाजारातली माणसं टाळ्या वाजवतायत. माझ्या हातातलं वांगं खाली पडलं.

साहेबांनी बोलावलं. सरकारी प्रचाराच्या गाडीवरून असली मागणी कशी झाली, लेखी द्या म्हणाले. मी बाहेर आले आणि सगळा राग स्टेशनवर तुझ्यावर काढला. "तुझं काय जातंय? तू बसशील गाडीत अन् जाशील अहमदपूरला! नोकरी माझी हाय!"

"नोटीस आली तर सांग. मी वाचून दाखवतो. माईकवर."

मी पाठ फिरवली, कारण हसू येत होतं आणि ते तुला दाखवायचं नव्हतं.

साहेबांनी माझा खुलासा ठेवून घेतला आणि त्याखाली स्वतःची एक ओळ लिहून तो वर पाठवला, की तांड्याची अडचण खरी आहे. हे मला फार उशिरा कळलं. पुढच्या एका उन्हाळ्यात ओढ्यावर मोठे सिमेंटचे पाईप पडले, वर रस्ता झाला. मी म्हणते, मधे निवडणूक झाली म्हणून. तू म्हणायचास, "निवडणुका लई झाल्या. भोंगा पहिल्यांदाच वाजला." हेही भांडण तसंच राहिलं. आता रामधनच्या तांड्यातली लेकरं शाळेच्या बूथवर चालत येतात, त्या रस्त्यानं. कुणामुळे का असेना, ती येताना मला फार छान वाटतं.

नोकरीवरून भांडलो त्या दिवशी गाडी हलताना मी खिडकीजवळ आले होते. राग अर्धा उतरला होता. म्हटलं, "शेवटी पाय दाखवलासच ना? माझंच खरं झालं."

"पाय कुठं दाखवला? बूट दाखवला!"

गाडीनं वेग घेतला. तू खिडकीतून आणखी काहीतरी ओरडलास, हात हलवून, हसत. इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. नंतर कितीदा विचारलं. तू म्हणायचास, "ते गाडीतलं होतं, गाडीतच गेलं." आणि तू ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तुझ्यावर अजून रागावलेय.

तुझ्या शेवटच्या दिवसांत लातूरच्या दवाखान्यात मशीनवरच्या रेषा मला कळत होत्या. नर्स असण्याचा तोटा. तुला मात्र मी कसं आहे ते सांगितलं नाही, आणि तू विचारलं नाहीस. तू विचारलंस, "इतवार कधी हाय?" मी सांगितलं. "आवाज बसलाय गं माझा." मी म्हटलं, "मीठपाण्याच्या गुळण्या कर, येईल." आयुष्यभराचं बोलणं आपलं, आणि शेवटी मी तुला गुळण्या करायला सांगितल्या. मला सांगायचं होतं की मी नर्स झाले ती तुझा पाय पाहून नाही. सगळ्यांना तसंच वाटतं. मी झाले, कारण तू घरातल्या घरात इतका हसवायचास की आजारी माणसाजवळ बसण्याची मला कधी भीतीच वाटली नाही. हे आता सांगतेय. ऐकू आलं तर बरं. नाही आलं तर फिटंफाट.

तेरावं झाल्यावर मी आईला किनवटला घेऊन आले. दुकान वहिनी सांभाळतात. चापट मारण्यात त्यांचा हात तुझ्यापेक्षा बसलेला आहे.

पोलिओचा इतवार दुसऱ्या दिवशी होता. तुला ठाऊक आहे, आई इतक्या वर्षांत एकदाही बूथवर आली नाही. मी कधी त्या कामाचं बोलले तर ती चुलीकडे जायची. त्या दुपारी आम्ही दोघी तुरीच्या शेंगा सोलत होतो. ती एकदम म्हणाली, "त्या टायमाला बी डोस द्यायला माणूस आला व्हता गावात. मी हरभरा काढाया गेल्ते. म्हटलं, पुढच्या खेपेला देऊ."

तू तर मला नेहमी सांगायचास, आपल्या वेळी खेड्यात डोस येतच नव्हता.

"त्यो मला बी तसंच सांगायचा," आई म्हणाली. "तवा डोसच नव्हता गं आई, तू काय करणार. त्याला चुलत्यानं सांगितलं व्हतं सगळं, मला ठावं हाय. मला ठावं हाय हे त्याला बी ठावं व्हतं. दोघं बी बोललो न्हाई कधी." तिनं सोललेले दाणे चाळले. "लई गुणाचं लेकरू. किती वर्षं खोटं बोललं माझ्यासाठी, अन् एकदा बी चुकलं न्हाई." ती रडत नव्हती, दादा. तुझं कौतुक करत होती. मग म्हणाली, "उद्या मी येते."

आली. नवं लुगडं नेसून, सगळ्यांच्या आधी. यंदा रिक्षावर रेकॉर्ड केलेला आवाज होता, कुण्या बाईचा, शुद्ध आणि गोड. कुणी हसलं नाही. पण आईनं थोड्या वेळातच टेबलाचा ताबा घेतला. "रांगेत या. त्याचं नाक पुसा आधी. ह्याला उताणं धर, बाई, असं." सोबतची आशाताई मला हळूच म्हणाली, "सिस्टर, आता कळलं भाऊ कुणावर गेले होते."

दुपारी एक चारेक वर्षांची मुलगी आली. ओठ गच्च मिटलेले. तिच्या आईनं विनवलं, दटावलं, मी फुगा दाखवला. ती काही बधेना. तिनं तुझ्या-माझ्या आईकडे बोट केलं. "पहिलं आजीला."

"आगं, आजी मोठी हाय," मी म्हटलं.

"न्हाई. पहिलं आजीला."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग लुगडं सावरून समोरच्या स्टुलावर बसली, मान मागे टाकली आणि तोंड उघडलं. उरलेसुरले तीन-चार दात. मी बाटली तिच्या जिभेवर नुसती धरली, दाबली नाही. तिनं तोंड मिटलं, गिळलं, ओठांवरून जीभ फिरवली.

"कडू हाय का?" मुलीनं विचारलं.

"उलिसं, जरासंच. पण गिळलं बघ मी."

"करंगळी?"

आईनं डावा हात पुढे केला. मी तिच्या करंगळीच्या नखावर शाईची रेघ ओढली. मुलीनं ती करंगळी जवळून तपासली आणि मग तोंड एवढं मोठं उघडलं की आम्ही सगळेच हसलो. दोन थेंब बरोबर पडले.

संध्याकाळी जेवायला बसताना आईनं मोरीवर हात धुतले. मी तांब्यानं पाणी घालत होते. तिनं डावी करंगळी तेवढी पाण्याबाहेर धरली होती.